हरणं मारणारेच हरणं राखतात? अमेरिकेतल्या म्यूल डिअरचं गणित

ऑक्टोबर उजाडला की कोलोराडो, वायोमिंग, युटा, आयडाहो या राज्यांतल्या छोट्या गावांचं रूप बदलतं. पेट्रोलपंपांवर, चहा-कॉफीच्या टपऱ्यांवर भडक नारिंगी जॅकेट आणि टोप्या घातलेली माणसं दिसू लागतात. डेन्व्हर किंवा सॉल्ट लेक सिटीला नव्याने राहायला गेलेलं मराठी कुटुंब पहिल्या वर्षी हे पाहून चक्रावतं. शिकारीचा परवाना देणारं खातं आणि हरणांचं रक्षण करणारं खातं एकच आहे, हे कळल्यावर तर आणखीनच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छायेत वाढलेल्या आपल्या पिढ्यांच्या डोक्यात शिकार आणि संवर्धन हे एकमेकांचे वैरी आहेत. तिकडे मात्र दोन्ही गोष्टी एकाच सरकारी टेबलावर ठरतात.

यात कुणी कुणाला फसवत नाही. पण ही व्यवस्था समजून घ्यायची तर आधी एक गोष्ट मनातून काढावी लागते. हरणांचा कळप किती मोठा राहणार हे मुख्यतः बंदुकीने ठरत नाही. ते ठरतं हिवाळ्यात पाय रोवायला मिळणाऱ्या जमिनीवर आणि मादीच्या अंगावरच्या चरबीवर. शिकारीचे नियम त्यानंतर येतात.

आधी प्राण्याची ओळख

म्यूल डिअर हे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातलं हरीण. खेचरासारखे मोठे, सतत हलणारे कान ही त्याची खूण. १८०४ मध्ये पश्चिमेकडे निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेत त्याची नोंद झाली आणि कानांवरूनच नाव पडलं. पळताना ते चारही पाय एकदम उचलून उसळ्या घेत जातं. नराची शिंगं आपल्या चितळ-सांबरासारखीच दरवर्षी गळतात आणि नव्याने येतात, पण फांद्या फुटण्याची तऱ्हा वेगळी: एकाच्या दोन, त्या दोनांच्या पुन्हा दोन.

माजाचा काळ नोव्हेंबर-डिसेंबर. साधारण दोनशे दिवसांनी, म्हणजे जूनच्या सुमारास, मादी विते आणि बहुधा जुळी देते. उन्हाळा डोंगरमाथ्यावरच्या हिरव्या कुरणात जातो. बर्फ पडू लागला की कळप खाली उतरतात. तिथे असतात सेजब्रश, बिटरब्रश अशी करड्या रंगाची खुरटी झुडपं. हीच त्यांची हिवाळी चराई.

हरीण कुणाचं?

युरोपात जंगली जनावर बहुधा जमीनदाराच्या हक्काचं असायचं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातल्या न्यायालयीन निकालांतून वेगळा विचार रुजला: वन्यप्राणी कुणा एकाचा नाही, तो सगळ्या जनतेचा, आणि राज्य सरकार त्याचं विश्वस्त. हरीण तुमच्या खासगी शेतात उभं असलं तरी ते तुमचं होत नाही.

हा विचार फार महागात पडल्यावर आला. त्या शतकाच्या उत्तरार्धात धंदेवाईक शिकारी रेल्वेचे डबे भरभरून मांस आणि कातडी शहरांत पाठवत होते. विसावं शतक सुरू होताना म्यूल डिअर बऱ्याच भागांतून दिसेनाशी झाली होती. १९०० मध्ये लेसी कायदा आला आणि बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा राज्याराज्यांतला व्यापार बंद झाला. आज शिकाऱ्याला मारलेल्या हरणाचं मांस घरी खाता येतं, मित्रांना देता येतं, विकता येत नाही. खाण्याजोगं मांस रानात सोडून फक्त शिंगं घेऊन येणं हाही गुन्हा आहे.

आता गुंतागुंत अशी की प्राणी राज्याचा, पण उन्हाळी चराईची बहुतेक जमीन केंद्राच्या वनसेवेची किंवा भूव्यवस्थापन खात्याची. खालच्या हिवाळी चराईचा मोठा हिस्सा पुन्हा खासगी गोपालकांचा. म्हणजे वायोमिंगच्या खात्याला हरणांवर अधिकार आहे, हरणं ज्यावर जगतात त्या जमिनीवर तो फारसा नाही. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवा.

शिकार पूर्ण बंद केली तर?

हा प्रश्न साहजिक आहे आणि त्याचा प्रयोग करून झाला आहे. ॲरिझोनात, ग्रँड कॅनियनच्या उत्तरेला कैबाब नावाचं पठार आहे. १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते राखीव केलं. हरणांची शिकार थांबली. हरणं खाणाऱ्यांना मात्र अभय नव्हतं. पुढच्या तीन दशकांत सरकारी शिकाऱ्यांनी तिथे शेकडो पहाडी सिंह आणि हजारो कायोटी मारले. थोडे लांडगे होते तेही संपवले. पहाडी सिंह म्हणजे आपल्या बिबट्याएवढं मोठं मांजर. कायोटी साधारण कोल्ह्याच्या चणीचा.

हरणं वाढली. सुरुवातीचा अंदाज सुमारे ४,००० चा होता. १९२४ पर्यंत ती ३० हजारांवर होती, असं कुणी म्हणालं. कुणी थेट १ लाख सांगितली. झाडांच्या खालच्या फांद्या, हरणाची मान पोचेल तिथवर, साफ ओरबाडल्या गेल्या. मग १९२४ ते १९२६ च्या दोन हिवाळ्यांत हरणं उपासमारीने मोठ्या संख्येने मेली.

मधल्या काळात एक विलक्षण प्रयत्न झाला. डिसेंबर १९२४ मध्ये एका स्थानिक माणसाने पैज मारल्यासारखा बेत आखला: माणसांची लांबच लांब फळी करायची, गायीच्या गळ्यातल्या घंटा बडवायच्या आणि हजारो हरणं दरीतून, कोलोरॅडो नदी पोहायला लावून, पलीकडच्या काठावर न्यायची. हिमवर्षाव सुरू झाला, फळी विस्कटली, हरणं माणसांच्या मधून मागे पळाली. पलीकडे एकही पोचलं नाही.

पुढे केंद्र सरकारने जंगल वाचवण्यासाठी हरणं मारायला सुरुवात केली आणि राज्याने त्याला विरोध केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९२८ मध्ये निकाल केंद्राच्या बाजूने लागला.

कैबाबची गोष्ट शाळेच्या पुस्तकांत "शिकारी प्राणी मारले, हरणं वाढली, जंगल खाल्लं" इतकी सोपी करून सांगितली जायची. १९७० मध्ये एका अभ्यासकाने तिच्यावर रास्त आक्षेप घेतला. त्याच काळात पठारावरच्या हजारो मेंढ्या आणि गुरं कमी केली होती, त्यामुळेही हरणांना चारा मोकळा झाला असणार. आकडेही कच्चे होते. नंतर ॲस्पेन झाडांच्या वयाचा अभ्यास झाला, तेव्हा त्या वर्षांत उगवलेली झाडं जवळपास जगलीच नव्हती असं दिसलं. म्हणजे हरणांनी रान ओरबाडलं हे खरं. ती का वाढली याची कारणं एकाहून जास्त. मला ही दुरुस्त केलेली गोष्ट मूळ गोष्टीपेक्षा जास्त शिकवणारी वाटते.

कणगीतलं धान्य

एखाद्या भूभागाचं खाणं किती जनावरांना वर्षानुवर्षं पुरेल, त्या मर्यादेला धारणक्षमता म्हणतात. म्यूल डिअरच्या बाबतीत ही मर्यादा उन्हाळ्यात कळत नाही, हिवाळ्यात कळते.

हिवाळी झुडपांत सत्त्व फार थोडं. हरीण दिवसभर खातं आणि तरी हळूहळू वाळत जातं. ते जगतं उन्हाळ्यात अंगावर चढवलेल्या चरबीवर. कोकणातलं घर पावसाळ्याआधी कणगी भरून ठेवतं आणि दसऱ्यापर्यंत त्यावर काढतं, तसं. कणगी किती भरली आणि पाऊस किती लांबला, या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून. घरात खाणारी तोंडं वाढली तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी येणार आणि आधी लहानग्यांचे हाल होणार. हरणांतही तेच होतं. जून महिन्यात जन्मलेल्या पाडसाला वाढही करायची असते आणि साठवणही. साधारण ३५ किलोचं ते पोर पहिल्या डिसेंबरात आईपेक्षा कितीतरी कमी शिधा घेऊन उभं असतं.

यातून शिकार-व्यवस्थापनातली सगळ्यात वादग्रस्त कल्पना निघते. कळप धारणक्षमतेच्या जवळ असेल तर ऑक्टोबरात शिकाऱ्याने मारलेली काही जनावरं तशीही फेब्रुवारीत भुकेने मेली असती. ती गेल्याने उरलेल्यांच्या वाट्याला जास्त येतं. याला भरपाई-मृत्यू म्हणतात. कोलोराडोच्या पिसिआन्स खोऱ्यात अनेक वर्षं प्रयोग करून संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवलं की पाडसांच्या हिवाळी मरणात अशी भरपाई खरोखर होते. पण हा नियम सर्वकाळ लागू नाही. कळप आधीच विरळ असेल, किंवा निरोगी प्रौढ माद्या मारल्या गेल्या, तर ते मरण आधीच्या मरणात भर घालतं. "शिकार केल्याने काही बिघडत नाही" म्हणणारे आणि "प्रत्येक गोळीने कळप घटतो" म्हणणारे दोघेही अर्धंच सांगतात.

मोजायची कशी?

आपल्याकडे बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजतात. म्यूल डिअरची मुख्य पाहणी डिसेंबर-जानेवारीत, शिकारीचा हंगाम संपल्यावर, हेलिकॉप्टरमधून होते. त्या वेळी जमीन पांढरी असते, कळप एकत्र असतात आणि नरांची शिंगं अजून गळलेली नसतात. निरीक्षक सगळी हरणं मोजायचा प्रयत्नच करत नाही. तो प्रमाण मोजतो: शंभर माद्यांमागे नर किती, पाडसं किती.

दुसरं काम जास्त नाजूक. हेलिकॉप्टर पळत्या हरणाच्या वर येतं, जाळं मारणारी बंदूक उडते, एक माणूस खाली उडी मारतो. हरणाच्या डोळ्यांवर पट्टी, पायांना बंध. पट्टी बांधली की ते बरंच शांत होतं. वजन, रक्ताचा नमुना, मग अल्ट्रासाउंडने पुठ्ठ्यावरच्या चरबीचा थर मोजतात. मार्चमध्ये त्याच यंत्राने पोटात गर्भ किती तेही दिसतं. गळ्यात जीपीएस कॉलर घालून सोडून देतात.

कॉलर ठरावीक तास हलली नाही की ती संदेश पाठवते: जनावर बहुधा मेलं. मग जीवशास्त्रज्ञ त्या जागी पोचतो आणि पोलीस पंचनामा करावा तसा तपास सुरू होतो. शरीर पाचोळ्याने, काटक्यांनी झाकलंय? पहाडी सिंहाची ही सवय. अवयव इतस्ततः ओढलेत? कायोटीचा संशय. पण कुणी खाल्लं एवढ्यावर तो थांबत नाही. मांडीचं हाड फोडून आतला मगज पाहतो. धडधाकट जनावराचा मगज पांढरा आणि मेणासारखा घट्ट असतो. उपाशी जनावराचा लालसर, पातळ, जेलीसारखा. शरीर जगण्यासाठी शेवटी हाडातली चरबीही जाळतं. दात कायोटीचे असले तरी मरण भुकेचं होतं, हे तो मगज सांगतो.

आता या माहितीचं काय करायचं ते एका सोप्या हिशेबाने पाहू. समजा १०० माद्या आहेत. चांगल्या कळपात वर्षाला साधारण ८५ जगतात, १५ जातात. डिसेंबरात त्यांच्यामागे ६५ पाडसं दिसली. निम्मी हिवाळ्यातून तरली तर ३२-३३ उरली. त्यांत अर्ध्या, म्हणजे १६, मादी. पंधरा गेल्या, सोळा आल्या. कळप जागच्या जागी. पुढचा हिवाळा कडक निघाला आणि पाडसांतली १०० पैकी ३० च जगली, तर नव्या माद्या येतात दहाच्या आत. कळप घटू लागला, आणि यात अजून एकही गोळी सुटलेली नाही.

हा हिशेब कागदावरचा राहत नाही, याचा पुरावा २०२२-२३ च्या हिवाळ्याने दिला. पश्चिम वायोमिंगमध्ये बर्फ खोल पडला, त्यावर कडक कवच जमलं आणि थंडी हटेना. वायोमिंग रेंज नावाच्या प्रसिद्ध कळपातली कॉलर लावलेली पाडसं जवळपास सगळी मेली. प्रौढ माद्यांपैकीही निम्म्याहून अधिक गेल्या. एरवी शंभरातल्या पंधरा जातात, हे आठवलं की त्या हिवाळ्याचा घाव कळतो. खात्याने शिकारीच्या संधी कमी केल्या, आणि त्या कमी करा म्हणणाऱ्यांत शिकारीच पुढे होते.

टॅग: नर वेगळा, मादी वेगळी

शिकाऱ्याला मिळणाऱ्या परवान्याच्या चिठ्ठीला तिकडे टॅग म्हणतात. एक टॅग, एक हरीण. राज्याचे विभाग पाडलेले असतात, त्यांना युनिट म्हणतात. कोणत्या युनिटमध्ये, कोणत्या तारखांना, कोणत्या हत्याराने (धनुष्यबाण, जुन्या पद्धतीची ठासणीची बंदूक की रायफल), नर की मादी, हे सगळं टॅगवर ठरलेलं. मागणी जास्त, टॅग कमी, म्हणून सोडत काढतात. नाव निघालं नाही तर गुण साठतात आणि पुढच्या वर्षी शक्यता वाढते. नामांकित युनिटच्या टॅगसाठी माणसं दहा-दहा, वीस-वीस वर्षं थांबतात.

कोलोराडोत आधी बऱ्याच भागांत पैसे भरून कुणालाही हरणाचा परवाना मिळायचा. कळप घटत चालले तेव्हा १९९९ पासून सगळे परवाने मर्यादित संख्येत, सोडतीने द्यायला सुरुवात झाली. नरांचं प्रमाण सुधारलं. एकूण कळप मात्र जुन्या आकड्यावर टिकला नाही: १९८० च्या दशकात सुमारे ६ लाख होती, आता ४ लाखांच्या आसपास.

असं का? कारण एक नर अनेक माद्यांना फळवतो. शंभर माद्यांमागे ४० नर असोत की २०, पुढच्या जूनला जन्मणाऱ्या पाडसांत फारसा फरक पडत नाही. नरांच्या टॅगची संख्या बहुतांशी एक सामाजिक निर्णय आहे. थोड्याच लोकांना संधी पण मोठ्या शिंगांचे वयस्क नर, की जास्त लोकांना संधी पण तरुण नर, एवढंच त्यातून ठरतं. कळप वाढवायचा की घटवायचा, याचा बंदुकीच्या हातातला एकच खटका म्हणजे मादीचे टॅग. म्हणून ते सगळ्यात जपून दिले जातात. कळप हिवाळी चराईला जड झाला, शेतकऱ्यांच्या गवताच्या गंजींवर येऊ लागला, तरच. आणि तेव्हाच सभागृहात सगळ्यात जास्त आवाज चढतात. मादी मारणं शिकाऱ्यांनाही जिवावर येतं.

हे निर्णय बंद खोलीत होत नाहीत. जीवशास्त्रज्ञ शिफारस करतात, राज्यपालांनी नेमलेला आयोग जाहीर सभेत ऐकून घेतो आणि मत देतो. शिकारी, गोपालक, पर्यावरणवादी, सगळे माईकवर येतात.

मग पहाडी सिंह आणि कायोटी मारा ना?

हा सल्ला त्या सभांत दरवेळी येतो. आयडाहोच्या आग्नेय भागात १९९७ ते २००३ या काळात तो तपासून पाहिला गेला. काही विभागांत कायोटी काढले, काहींत पहाडी सिंह, काहींत दोन्ही, काहींत काहीच नाही. सिंह कमी केल्यावर पाडसांचं प्रमाण काहीसं सुधारलं. पण कळपाच्या वाढीत ठरवून दाखवता येईल असा फरक दोन्हींमुळे पडला नाही. हवामान वरचढ ठरलं.

याची दुसरी बाजू कोलोराडोच्या अनकम्पाग्रे पठारावरच्या प्रयोगात दिसली. तिथे शिकारी प्राण्यांना हात न लावता हरणांना हिवाळ्यात सकस खाद्य दिलं. पाडसं जास्त जगली, आणि कायोटी-सिंहांच्या तोंडी जाणारीही कमी झाली. अंगात ताकद असलेलं पाडस निसटतं. छोट्या, एकाकी कळपात पहाडी सिंहाचा फटका जिव्हारी लागू शकतो, हे खरं आहे. मोठ्या प्रदेशाचं उत्तर मात्र खाण्यात आहे.

मग सगळ्यांनाच चारा घाला

तो प्रयोग काटेकोर खुराक देऊन, ठरावीक जागी, मोठ्या खर्चाने केला होता. घराच्या अंगणात हरणं कुडकुडताना पाहून लोक मका किंवा वाळलं गवत टाकतात. त्यामागची माया खरी असते, परिणाम वाईट होतो. हरीण रवंथ करणारं जनावर. त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव ऋतूप्रमाणे बदलतात आणि हिवाळ्यात ते झुडपांच्या काड्या पचवायला तयार झालेले असतात. अचानक मका पडला की पोटात आम्ल वाढून हरीण मरू शकतं. निव्वळ गवत मिळालं तर ते भरल्या पोटी उपाशी मरतं. शिवाय एका ढिगाभोवती गर्दी झाली की रोग पसरतो. त्या रोगाकडे शेवटी येतोच.

पैसा कुठून येतो?

राज्यांच्या वन्यजीव खात्यांचा बराच खर्च शिकार-मासेमारीच्या परवान्यांतून निघतो. परराज्यातल्या शिकाऱ्याला स्थानिकाच्या कितीतरी पट शुल्क पडतं. दुसरा झरा म्हणजे १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा. रायफली, काडतुसं यांवर ११ टक्के आणि पिस्तुलांवर १० टक्के केंद्रीय कर. जमलेला पैसा राज्यांना वाटतात, निम्मा क्षेत्रफळावर आणि निम्मा परवानाधारक शिकाऱ्यांच्या संख्येवर. अट अशी की परवान्यांचं उत्पन्न दुसऱ्या कामांकडे वळवायचं नाही. रस्त्याला पैसे कमी पडले म्हणून हरणांच्या तिजोरीत हात घालता येत नाही. आपल्या खात्यांचे निधी कसे आटतात ते पाहिलेल्या माणसाला या अटीचं मोल लगेच कळेल.

टीकाही खरी आहे. ज्यांच्या पैशावर खातं चालतं त्यांच्या आवडीच्या प्राण्यांकडे ते जास्त बघणार. बेडूक, वटवाघळं मागे पडणार. शस्त्रकर भरणाऱ्यांत आज कधीही शिकार न करणारे पुष्कळ आहेत, तरी त्यांचा उल्लेख होत नाही. आणि लोकसंख्येच्या मानाने शिकारी कमी होत आहेत. दुर्बीण घेऊन हरणं बघणाऱ्यांनीही खर्चाचा वाटा उचलायची काही सोय व्हावी, असं मला ठामपणे वाटतं.

खरी लढाई: वाट

२०१४ मध्ये वायोमिंगमधल्या एका शोधाने सगळ्यांचे डोळे उघडले. रेड डेझर्टच्या ओसाड भागात वर्षभर राहतात असं समजली जाणारी हरणं वसंतात सुमारे २४० किलोमीटर चालत होबॅक खोऱ्यापर्यंत जातात, असं कॉलरवरून कळलं. नंतर २५५ क्रमांकाची मादी तर सुमारे ३९० किलोमीटर चालून थेट आयडाहोत पोचली. ही भटकंती उगाच नसते. बर्फ वितळत वर सरकतो तसं कोवळं गवत वर सरकतं आणि हरणं त्याच्या मागे चालतात. कणगी भरण्याचं काम या वाटेवरच चालतं. ही वाट पाडसं आईमागून शिकतात. ती वाट ओळखणारे कळप संपले की नव्यांना ती आपसूक सापडत नाही.

या वाटांवर आता महामार्ग, कुंपणं, घरं आणि नैसर्गिक वायूच्या विहिरी आहेत. वायोमिंगमधल्या पाइनडेल गावाजवळच्या वायुक्षेत्रात दीड दशक केलेल्या अभ्यासात हरणं सुमारे ३६ टक्के घटल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. इतक्या वर्षांतही त्यांना विहिरींची सवय झाली नव्हती; ती दूरच राहत होती. चीटग्रास नावाचं परकं गवत सेजब्रशमध्ये घुसून वणवे वाढवतं, ते वेगळंच.

चांगली बातमीही त्याच गावाजवळची. महामार्ग १९१ वर ट्रॅपर्स पॉइंट इथे २०१२ मध्ये प्राण्यांसाठी दोन पूल आणि सहा भुयारी मार्ग पूर्ण झाले. हरणांना वाहनं धडकण्याचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी खाली आलं. हा उपाय आपल्याला परका नाही. नागपूरहून उत्तरेला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पेंचच्या जंगलात नऊ ठिकाणी प्राण्यांसाठी रस्त्याखालून वाटा सोडल्या आहेत. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ दिसतात, पण सर्वांत जास्त ये-जा चितळांची आहे.

मग आपल्याकडेही टॅग वाटायचे का?

विदर्भातला शेतकरी रोही आणि रानडुकरांनी उभं पीक झोपवलेलं पाहतो, तेव्हा त्याच्या मनात हा प्रश्न येणं गैर नाही. उपद्रवी प्राण्यांबाबत परवानगीची तरतूद आपल्या कायद्यातही आहे. पण अमेरिकी पद्धत उचलून इथे ठेवणं मला पटत नाही. आपल्याकडे चितळ-सांबर हे वाघ-बिबट्यांचं अन्न आहे आणि ते बऱ्याच जंगलांत आधीच कमी आहे. टॅगची व्यवस्था उभी राहते ती दरवर्षीच्या मोजणीवर, तपासणी नाक्यांवर, मारलेलं जनावर नोंदवणाऱ्या माणसावर. तो पाया नसताना परवाना म्हणजे निव्वळ बंदूक. घ्यायचीच असेल तर हाडातला मगज पाहण्याची सवय घ्यावी: प्राणी किती आहेत याच्या जोडीला ते कशाने मरतात, हे दरवर्षी शोधायचं.

जिथे गणितच बदलतं: सीडब्ल्यूडी

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे सीडब्ल्यूडी. १९६७ मध्ये कोलोराडोच्या फोर्ट कॉलिन्समधल्या संशोधन केंद्रात पाळलेल्या म्यूल डिअरमध्ये हा झिजवणारा रोग पहिल्यांदा लक्षात आला. कारण विषाणू किंवा जिवाणू नाही. चुकीची घडी पडलेलं प्रथिन, ज्याला प्रायॉन म्हणतात. ते मेंदू पोखरतं. लागण झालेलं हरीण वर्ष-दोन वर्षं बरं दिसतं, रोग पसरवतं आणि मग मरतंच. औषध नाही, लस नाही. प्रायॉन मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतं.

प्रौढ नरांत हा रोग माद्यांच्या साधारण दुप्पट आढळतो. माजाच्या काळात नर लांब भटकतात, अनेक कळपांत मिसळतात. त्यामुळे इतकी वर्षं चाललेला हिशेब इथे उलटतो. नर जपा, वयस्क नर वाढू द्या, हे धोरण या रोगाला पोसतं. कोलोराडोने २०१९ च्या योजनेत रेघ आखली: एखाद्या कळपातल्या प्रौढ नरांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त लागण दिसली की काहीतरी करायचंच. ते "काहीतरी" म्हणजे मुख्यतः नरांचे टॅग वाढवणं, काही ठिकाणी हंगाम माजाच्या दिवसांपर्यंत लांबवणं.

हे काम सरकारी माणसांना एकट्याने जमणारं नाही, शिकारीच करू शकतात. ठरलेल्या युनिटमध्ये मारलेल्या हरणाचं डोकं तपासणी नाक्यावर न्यायचं, तिथे घशामागच्या लसिका गाठी काढून प्रयोगशाळेत पाठवतात. माणसाला हा रोग झाल्याची एकही पक्की नोंद नाही. तरी बाधित हरणाचं मांस खाऊ नका, असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. म्हणून निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये थांबतं.

दहा-पंधरा वर्षं गुण साठवून मोठ्या नराच्या टॅगची वाट पाहिलेल्या माणसाला हे धोरण जाचतं, आणि त्याची हळहळ मला समजते. तरीही खात्यांनी ते रेटावं या मताचा मी आहे. कडक हिवाळ्यातून कळप चार-पाच वर्षांत सावरू शकतो. मातीत मुरलेल्या प्रायॉनला तेवढी मुदत पुरत नाही.